जाहिरातीतली वेतनश्रेणी वाचायची कशी? एस-६, एस-८, एस-१४ आणि हातात येणारा पगार

पदवीनंतर
राज्य शासनाच्या भरतीच्या जाहिराती वाचताना नुकतीच पदवी घेतलेली मुलंमुली एकाच ओळीवर अडतात: ‘एस-६ : १९,९००-६३,२०० अधिक महागाई भत्ता व नियमानुसार देय इतर भत्ते’. घरच्यांना वाटतं पगार त्रेसष्ट हजार. क्लासवाले सांगतात पस्तीस-चाळीस. शेजारचा आधीच नोकरीत असलेला मुलगा वेगळाच आकडा सांगतो. मग पसंतीक्रम भरायची वेळ येते आणि पोरं ऐकीव माहितीवर पदं वरखाली करतात.
माझं मत असं की श्रेणी वाचणं अवघड नाही, पण ते कुणी नीट सांगत नाही. जाणकारांनी इथे सविस्तर लिहावं. एस म्हणजे काय, दोन आकड्यांपैकी आपला कोणता, हातात किती पडतं, आणि रुजू होण्याच्या तारखेने खरंच फरक पडतो का?

सह्यकडा
चांगला विषय. पायापासून सुरुवात करतो.
सातव्या वेतन आयोगानुसार राज्याचे सुधारित वेतन नियम २०१९ साली निघाले आणि १ जानेवारी २०१६ पासून लागू झाले. त्याआधी ‘वेतनबँड अधिक ग्रेड वेतन’ अशी पद्धत होती. आता एक मोठा तक्ता आहे, वेतन मॅट्रिक्स. आडवे स्तर: एस-१, एस-२ असे. प्रत्येक स्तराखाली उभे कप्पे. रुजू होताना तुम्ही तुमच्या स्तराच्या पहिल्या कप्प्यात बसता आणि दर वार्षिक वेतनवाढीला एक कप्पा खाली सरकता.
एस-६ चे कप्पे बघा: १९,९००, २०,५००, २१,१००, २१,७००, २२,४००, २३,१००, २३,८००, २४,५००, २५,२००, २६,०००, २६,८००… ही यादी चाळीस कप्पे चालते आणि ६३,२०० वर थांबते. म्हणजे एकही पदोन्नती न मिळता त्याच स्तरात राहिलात तर एकोणचाळीस वेतनवाढींनंतर तो दुसरा आकडा येणार. तेवढी सेवा बहुतेकांची होतच नाही. नव्या उमेदवाराने दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवून झाकून टाकावं.

काटेसावर
नेहमी भेटणारी पदं एका जागी:
शिपाई एस-१ (१५,०००). लिपिक-टंकलेखक एस-६ (१९,९००). पोलीस शिपाई आणि वनरक्षक एस-७ (२१,७००). तलाठी, स्थापत्य अभियांत्रिकी सहायक एस-८ (२५,५००). प्राथमिक शिक्षक एस-१० (२९,२००). अधिपरिचारिका एस-१३ (३५,४००). पोलीस उपनिरीक्षक, राज्यकर निरीक्षक, सहायक कक्ष अधिकारी, कनिष्ठ अभियंता एस-१४ (३८,६००). उपजिल्हाधिकारी एस-२० (५६,१००).
कंसातला आकडा पहिल्या कप्प्याचा, म्हणजे रुजू होतानाचं मूळ वेतन. पगार पदाचा असतो, पदवीचा नसतो. अभियांत्रिकीची पदवी घेऊन लिपिक झालात तरी १९,९०० च.

रानमेवा
आमच्याकडे स्थळ बघताना अजूनही ‘ग्रेड पे किती?’ असं विचारतात. त्याचं उत्तर काय द्यायचं?

सह्यकडा
रानमेवा, ग्रेड वेतन आता अस्तित्वात नाही, पण जुनं नातं माहीत असावं, कारण जुने शासन निर्णय त्याच भाषेत आहेत. १,३०० म्हणजे एस-१, १,९०० म्हणजे एस-६, २,००० म्हणजे एस-७, २,४०० म्हणजे एस-८, २,८०० म्हणजे एस-१०, ४,२०० म्हणजे एस-१३, ४,३०० म्हणजे एस-१४.
आकडे आले कुठून तेही सांगतो. केंद्रात सहाव्या आयोगात १,९०० ग्रेड वेतनाच्या पदाचं प्रवेशवेतन ७,७३० होतं. त्याला २.५७ ने गुणा: १९,८६६. तेच पूर्णांकात १९,९०० झालं. २,४०० च्या पदाचं ९,९१० गुणिले २.५७ केलं की २५,४६९, म्हणजे २५,५००.

लेखाशीर्ष
आता हातात काय येतं ते. महागाई भत्ता १ जानेवारी २०२५ पासूनच्या ५५ टक्के दराने धरतो. पुढे दर बदलला की फक्त ती ओळ बदला, पद्धत तीच.

लिपिक, तालुक्याच्या ठिकाणी:
मूळ वेतन १९,९००
महागाई भत्ता ५५ टक्के: १०,९४५
घरभाडे भत्ता १० टक्के: १,९९०
वाहतूक भत्ता ६७५
एकूण ३३,५१०
वजा राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेची वर्गणी, म्हणजे मूळ अधिक महागाई यांच्या १० टक्के: ३,०८५
वजा व्यवसाय कर २००
राहिले ३०,२२५. यातून गट विम्याची वर्गणी जाते.

तोच लिपिक मुंबईत किंवा पुण्यात: घरभाडे भत्ता ३० टक्के म्हणजे ५,९७०, वाहतूक भत्ता १,०००. एकूण ३७,८१५. कपाती त्याच, कारण निवृत्तिवेतनाची वर्गणी घरभाड्यावर लागत नाही. शिल्लक ३४,५३०. शहरानुसार थोडा स्थानिक पूरक भत्ता येतो, तो मी धरलेला नाही.

एस-१४ मुंबईत: ३८,६०० + २१,२३० + ११,५८० + २,७०० = ७४,११०. वजा ५,९८३ आणि २००, शिल्लक ६७,९२७. तेच पद तालुक्याला: एकूण ६५,०४०, शिल्लक ५८,८५७.

माळरान
लेखाशीर्ष, घरभाड्याचे टक्के कुठून आले? आमच्या भागातल्या क्लासच्या नोट्समध्ये २४, १६, ८ आहेत.

लेखाशीर्ष
मूळ दर तेच होते. २०१९ च्या आदेशातच पुढची तरतूद आहे: महागाई भत्ता २५ टक्क्यांपुढे गेला की २७, १८, ९ आणि ५० टक्क्यांपुढे गेला की ३०, २०, १०. आज ५० ओलांडलेला आहे. नोट्स जुन्या आहेत.
शहरांचे तीन वर्ग. मुंबई आणि पुणे नागरी समूह पहिल्यात. नागपूर, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, अमरावती, सांगली वगैरे दुसऱ्यात. बाकी सगळं तिसऱ्यात. वाहतूक भत्त्याची विभागणी मात्र वेगळी आहे: तिथे मुंबई, पुणे आणि नागपूर एका गटात, उरलेला महाराष्ट्र दुसऱ्या गटात. म्हणून नागपूरच्या लिपिकाला घरभाडे २० टक्क्यांनी आणि वाहतूक भत्ता मात्र मुंबईइतका. हा फरक बऱ्याच तयार एक्सेल तक्त्यांत चुकलेला असतो.

गवतफूल
एस-१ चं गणित टक्क्यांनी करू नका. घरभाडे भत्त्याला किमान मर्यादा आहे: ५,४००, ३,६०० आणि १,८००. शिपायाचं मूळ वेतन १५,०००. तालुक्याला त्याचे १० टक्के १,५०० होतात, पण देय १,८००. मुंबईत ३० टक्के ४,५०० होतात, देय ५,४००. मूळ वेतन १८,००० च्या आत असेपर्यंत किमान रक्कमच मिळते. कार्यालयाने टक्केवारीनेच काढला असेल तर लेखी अर्ज द्या, फरक मिळतो. गट-ड च्या माणसाला महिन्याचे तीनशे-नऊशे रुपये लहान नाहीत.

काटेसावर
गवतफूल +१. आणि वाहतूक भत्त्यातही एक टप्पा आहे. एस-१ ते एस-६ ला १,००० किंवा ६७५. पण त्याच स्तरांत मूळ वेतन २४,२०० किंवा जास्त झालं की २,७०० किंवा १,३५०, म्हणजे एस-७ च्या बरोबरीने. एस-६ मध्ये आठव्या कप्प्याला (२४,५००) हा टप्पा ओलांडतो. त्या महिन्यात वेतनचिठ्ठी तपासा.

दर्यावर्दी
केंद्राच्या जाहिरातीत ‘लेव्हल ६’ लिहिलेलं असतं आणि राज्याच्या जाहिरातीत ‘एस-६’. एकच ना?

सह्यकडा
अजिबात नाही, आणि हा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज आहे. राज्याचे स्तर बारीक तुकड्यांत आहेत, केंद्राचे मोठ्या. रुपयांवरून जुळवा, क्रमांकावरून नको.
केंद्र लेव्हल २ = १९,९०० = राज्य एस-६.
केंद्र लेव्हल ४ = २५,५०० = एस-८.
केंद्र लेव्हल ५ = २९,२०० = एस-१०.
केंद्र लेव्हल ६ = ३५,४०० = एस-१३.
केंद्र लेव्हल ७ = ४४,९०० = एस-१६.
केंद्र लेव्हल १० = ५६,१०० = एस-२०.
तळाला तफावत आहे: केंद्राची पहिली लेव्हल १८,००० पासून, राज्याचा एस-१ मात्र १५,००० पासून. माझ्या मते राज्याने गट-ड वर केलेला हा अन्याय आहे आणि पुढच्या वेतन सुधारणेत पहिली मागणी हीच असायला हवी.

मांडवी
गोव्यातून. आमचं राज्य केंद्राचाच तक्ता वापरतं, त्यामुळे इथल्या जाहिरातीत लेव्हल २ म्हणजे १९,९०० च. सिंधुदुर्गातली मुलं दोन्हीकडे अर्ज भरतात, त्यांनी सह्यकडांची यादी जवळ ठेवावी.

माळरान
वेतनवाढ तीन टक्के असं सगळे म्हणतात. १९,९०० चे तीन टक्के ५९७. मग २०,४९७ व्हायला हवेत. २०,५०० कसे?

काटेसावर
तीन टक्क्यांचं गणित तक्ता तयार करतानाच झालेलं आहे आणि शंभराच्या पटीत बसवलेलं आहे. तुम्ही पुन्हा करायचं नाही. फक्त पुढचा कप्पा. नवख्या लिपिकांना आस्थापनेवर बसवलं की ते टक्केवारीने वेतननिश्चिती करतात आणि मग पडताळणी पथक आक्षेप काढतं.

तळहात
कपातींबद्दल अजून. निवृत्तिवेतन योजनेत शासनाचा हिस्सा १४ टक्के असतो, लिपिकाच्या बाबतीत ४,३१८ रुपये. तो हातात येत नाही, खात्यात जमा होतो. काही वेतनचिठ्ठ्यांत तो आधी एकूण वेतनात मिळवलेला दिसतो आणि खाली वजा झालेला दिसतो. त्यामुळे कुणी ‘माझा ग्रॉस अडतीस हजार’ म्हणाला तर तो हिस्सा धरून बोलतोय का, ते विचारा.
व्यवसाय कर महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. महिलांना महिना २५,००० पर्यंत माफी आहे, पण लिपिकाचं एकूण वेतन त्याहून जास्त असल्यामुळे तो लागतोच.
गट विमा योजनेचं सदस्यत्व १ जानेवारीला सुरू होतं. वर्षाच्या मध्ये रुजू झालात तर तोवर फक्त विम्याचा लहान हप्ता कापतात, जानेवारीपासून पूर्ण वर्गणी. जानेवारीचा पगार अचानक कमी आला म्हणून घाबरू नका.

पदवीनंतर
फार उपयोगी. पहिला पगार दोन-तीन महिने येत नाही असं ऐकलंय. त्याचं कारण काय?

तळहात
कागद. सेवार्थ या शासनाच्या पगाराच्या संगणक प्रणालीत तुमचा क्रमांक तयार झाल्याशिवाय पगाराच्या देयकात नाव चढत नाही. तो तयार करायला नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, वैद्यकीय प्रमाणपत्र, पॅन, आधार, बँक खातं हे सगळं आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे, म्हणजे कार्यालयाची पगाराची देयकं काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पूर्ण लागतं. सर्वांत जास्त वेळ खातं ते वैद्यकीय प्रमाणपत्र. जिल्हा रुग्णालयाची तारीख रुजू होण्याच्या आठवड्यातच मागून घ्या.
दुसरं, निवृत्तिवेतन खात्याचा प्राण क्रमांक. तो उशिरा आला तरी पगार निघू शकतो, पण वर्गणी कापली जात नाही. मग क्रमांक आल्यावर मागची आणि चालू अशी दुहेरी कपात सुरू होते. सुरुवातीचे महिने हातात जास्त पैसे आले तर ते खर्चू नका, ते वर्गणीचे आहेत.
तिसरं, सेवापुस्तक. पहिल्या पानाची नोंद, जन्मतारीख, जात वैधता, वारसनामे हे पहिल्याच महिन्यात समोर बसून भरून घ्या आणि छायाप्रत ठेवा.

रानमेवा
रुजू होण्याच्या तारखेचं कुणी सांगितलंच नाही.

लेखाशीर्ष
सांगतो, पडतो फरक. वेतनवाढीच्या तारखा दोन: १ जानेवारी आणि १ जुलै. एका माणसाला वर्षातून एकच.
नियुक्ती २ जानेवारी ते १ जुलै या काळात झाली तर पहिली वेतनवाढ पुढच्या १ जानेवारीला.
नियुक्ती २ जुलै ते १ जानेवारी या काळात झाली तर पहिली वेतनवाढ पुढच्या १ जुलैला.
उदाहरण: १ जुलै २०२५ ला रुजू, वेतनवाढ १ जानेवारी २०२६. २ जुलै २०२५ ला रुजू, वेतनवाढ १ जुलै २०२६. एका दिवसात सहा महिन्यांचा फरक, आणि तो फरक पुढच्या प्रत्येक वेतनवाढीत राहतो, पदोन्नतीने तारीख बदलेपर्यंत. नियुक्ती आदेश जूनच्या शेवटी हातात पडला असेल तर ‘सोमवारचा मुहूर्त’ बघू नका.

दर्यावर्दी
पण ज्येष्ठता तर गुणवत्ता यादीने ठरते ना? मग घाई कशाला?

लेखाशीर्ष
ज्येष्ठता वेगळी, वेतनवाढ वेगळी. यादीत वर असलेला माणूस उशिरा रुजू झाला तर ज्येष्ठ राहतो, पण त्याचं मूळ वेतन काही महिने कनिष्ठाहून कमी असू शकतं.

काटेसावर
वेतनवाढ अडण्याची कारणंही नवख्यांना माहीत हवीत. संगणक अर्हता किंवा टंकलेखनाचं प्रमाणपत्र नियुक्ती आदेशात दिलेल्या मुदतीत सादर केलं नाही, सेवाप्रवेशोत्तर परीक्षा दिलेल्या संधींमध्ये उत्तीर्ण झाली नाही, की वेतनवाढ रोखली जाते. नियुक्ती आदेशाच्या मागच्या पानावरच्या अटी कुणी वाचत नाही. त्या अटींची मुदत रुजू तारखेपासून मोजून भिंतीवर लिहून ठेवा.

पाणवठा
शिक्षक भरतीवाल्यांसाठी: एस-१० लिहिलेलं असलं तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधन. १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,०००. त्यावर महागाई भत्ता नाही, वेतनवाढ नाही. तीन वर्षांनी नियमित आदेश निघाला की २९,२०० पासून सुरुवात. तो आदेश आपोआप निघत नाही, प्रस्ताव शाळेकडून वेळेत जायला हवा. ग्रामसेवक आणि कृषी सेवक या पदांवरही सुरुवातीला असंच ठरावीक मानधन असतं. जाहिरातीत ‘सेवक’ शब्द दिसला की खालची टीप वाचा.

रानमेवा
एवढ्या मानधनात तीन वर्षं पुण्या-मुंबईत कसं राहायचं? ही पद्धतच बंद करायला हवी.

पाणवठा
पूर्ण सहमत. काम तेच, जबाबदारी तीच, आणि वेतन निम्म्याहून कमी.

माळरान
अवांतर होतंय, पण आठवा आयोग आला की हे सगळं बदलणार ना? मग आत्ता शिकून काय फायदा?

सह्यकडा
केंद्राने आठव्या आयोगाला जानेवारी २०२५ मध्ये मंजुरी दिली, पण केंद्राच्या शिफारशी राज्याला आपोआप लागू होत नाहीत. मागच्या वेळचा क्रम बघा. सातवा आयोग केंद्रात २०१६ मध्येच लागू झाला. राज्याने के. पी. बक्षी समिती नेमली, नियम निघाले जानेवारी २०१९ मध्ये, आणि थकबाकी पाच वार्षिक हप्त्यांत दिली. महागाई भत्त्यातही राज्य केंद्राच्या मागून येतं: जानेवारी २०२५ पासूनच्या ५५ टक्क्यांचा राज्याचा आदेश ऑगस्टमध्ये निघाला. म्हणून आज पसंतीक्रम भरणाऱ्याने आजच्या तक्त्यावरच विचार करावा. तक्ता बदलला तरी स्तरांचा वर-खाली क्रम सहसा मोडत नाही.

गवतफूल
आधीच नोकरीत असलेल्यांनी एक गोष्ट जपावी. नव्या पदाचा अर्ज कार्यालयामार्फत, परवानगी घेऊन करा आणि निवड झाल्यावर तांत्रिक राजीनामा द्या. साधा राजीनामा दिलात की मागची सेवा गेली. वरच्या पदावर जाताना वेतनाचा प्रश्न सहसा येत नाही, कारण नव्या स्तराची सुरुवातच जास्त असते. खरा फटका बसतो तो गावाजवळ येण्यासाठी एस-६ मधून दुसऱ्या खात्यातल्या एस-६ मध्ये जाणाऱ्याला: २३,१०० वरून थेट १९,९०० वर. परवानगीचं पत्र असेल तर वेतन संरक्षण मागता येतं.

पदवीनंतर
आता मूळ मुद्द्यावर येतो. गट-क च्या पसंतीक्रमात दोन पदांचा स्तर एकच असेल तर काय बघून वर ठेवायचं?

काटेसावर
पदोन्नतीची पुढची पायरी. हे जाहिरातीत नसतं, त्या पदाच्या सेवाप्रवेश नियमांत असतं. क्षेत्रीय कार्यालयातला लिपिक साधारणपणे वरिष्ठ लिपिक होतो: एस-८, २५,५००. मंत्रालयातला लिपिक सहायक कक्ष अधिकारी होतो: एस-१४, ३८,६००. सुरुवात दोघांची १९,९०० च.
पदोन्नतीचं गणित असं: खालच्या स्तरात एक वेतनवाढ द्यायची आणि आलेला आकडा वरच्या स्तरात शोधायचा, तो नसेल तर पुढचा कप्पा. पाच वेतनवाढी झालेला लिपिक २३,१०० वर आहे. एक वाढ, २३,८००. एस-८ ची सुरुवात २५,५००, म्हणून २५,५००. फायदा २,४००. दहा वेतनवाढी झालेला २६,८०० वर आहे. एक वाढ, २७,६००. एस-८ मध्ये पुढचा कप्पा २७,९००. फायदा फक्त १,१००. जवळच्या स्तरांत पदोन्नती जितकी उशिरा, तितका तिचा पैशातला लाभ कमी.

दर्यावर्दी
आणि पदोन्नती मिळालीच नाही तर?

काटेसावर
तर १०, २० आणि ३० वर्षांनी आश्वासित प्रगती योजना. गोपनीय अहवाल, विभागीय परीक्षा आणि जात वैधता पूर्ण असतील तरच. काम तेच राहतं, स्तर वर जातो.

लेखाशीर्ष
पसंतीक्रमाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, काटेसावर. पदोन्नतीची पायरी कागदावर असते, पण ती किती वेगाने मिळते हे वरच्या पदांच्या संख्येवर ठरतं. संवर्ग लहान आणि वर दोनच जागा असतील तर एस-१४ नुसता दिसत राहतो. म्हणून मुलांनी त्या विभागाची ज्येष्ठता यादी संकेतस्थळावर असेल तर ती उघडावी. अलीकडे पदोन्नती झालेले लोक कोणत्या वर्षी रुजू झाले होते ते बघावं. दहा मिनिटांत अंदाज येतो.

काटेसावर
यादी बघण्याशी सहमत. मात्र मंत्रालय निवडणाऱ्याने मुंबईचं घरभाडंही मांडावं. भत्ता ५,९७० आहे, आणि त्या पैशात डोंबिवलीच्या पुढेही स्वतंत्र खोली अवघड. सुरुवातीची काही वर्षं तालुक्यातला ३०,२२५ वाला लिपिक मुंबईच्या ३४,५३० वाल्यापेक्षा जास्त शिल्लक टाकतो.

पदवीनंतर
मग मी कोरा तक्ता असा करतोय: स्तर, पहिला कप्पा, शहराचा वर्ग, वाहतूक गट, निवृत्तिवेतन वर्गणी, व्यवसाय कर, पुढच्या पदाचा स्तर, आणि ज्येष्ठता यादीतून दिसणारी वर्षं. काही राहिलं?

तळहात
‘मानधन आहे का आणि किती वर्षं’ हा रकाना पहिला घाला. आणि महागाई भत्त्याचा दर एकाच ठिकाणी लिहून बाकी सूत्रं त्याला जोडा, म्हणजे नवा आदेश निघाला की एकच आकडा बदलावा लागेल.